बुटीकमधला कपडा उलटा करून बघताना

कपड्यात दोन प्रकारचे दोष असतात: शिंप्याला काढता येतात ते, आणि कितीही पैसे मोजले तरी निघत नाहीत ते. मी आल्टरेशनचं काम करते. शहरातल्या फॅशनेबल भागातल्या बुटीकमधून आणलेले भारी कपडे माझ्या टेबलावर येतात, तेव्हा बऱ्याचदा "हे होणार नाही" असंच सांगावं लागतं. म्हणून स्वतःसाठी किंवा कुणासोबत खरेदीला गेले की मी न निघणारे दोष आधी शोधते. रंग आणि डिझाइन त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की आवडलेल्या कपड्यातले दोष डोळ्यांना दिसेनासे होतात.

बुटीकचा माल कसा येतो हे माहीत असेल तर तिथलं निम्मं बोलणं आपोआप समजतं. हंगामाच्या साधारण सहा महिने आधी ऑर्डर दिलेली असते आणि एका डिझाइनचे मोजकेच नग येतात: मधल्या मापांचे दोन-दोन, टोकाच्या मापांचा एखादाच. ते संपले की बहुधा परत येत नाहीत. त्यामुळे "हा शेवटचाच पीस आहे" हे वाक्य पुष्कळदा खरं असतं. प्रश्न येतो तो आपलं माप संपलेलं असताना. तेव्हा समोर एक माप मोठा किंवा एक माप लहान कपडा ठेवला जातो. लहान कपडा मी हातातही घेत नाही, कारण सोडायला आत बहुधा पुरेसं कापडच नसतं. मोठा असेल तर बघते, पण तिथेही मर्यादा आहे. एक माप वर गेलं की छातीचा घेर साधारण ४ सेंमी वाढतो, तो बाजूच्या शिवणीतून आत घेता येतो. पण त्याच्याबरोबर खांदाही बाहेर सरकतो आणि मुंढाही, म्हणजे बाही जोडतात तो बगलेचा गोल, खाली उतरतो. ते दोन्ही कमी करायचं म्हणजे बाही उसवून, खांदा नव्याने कापून, बाही परत बसवायची. कोटाच्या बाबतीत हे काम जवळजवळ नवा कोट शिवण्याइतकं होतं.

निघण्यापूर्वी घरी करायचं एक काम आहे आणि ते बहुतेक जण करत नाहीत. आपल्याला सगळ्यात चांगला बसणारा शर्ट, कोट आणि पँट पलंगावर सपाट पसरून मोजायची. अंगाचं माप उपयोगी पडतंच, पण दुकानात टेप लावायची असते ती कपड्याला, त्यामुळे कपड्याचं माप जवळ असलेलं बरं. पाठीमागून खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत, बगलेच्या २.५ सेंमी खालून आडवी छाती. मानेच्या मणक्यापासून खालपर्यंत लांबी. खांद्यापासून मनगटापर्यंत बाही. पँटची कंबर, बैठक आणि जांघेपासून खालपर्यंतची आतली लांबी. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवायचे आणि १५० सेंमीची मऊ टेप पर्समध्ये टाकायची. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत फरक असायलाच हवा: मागावर विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टात छातीला ८ ते १२ सेंमी सैलपणा लागतो, कोटाला त्याहून थोडा जास्त. निटिंगच्या कपड्याला काहीच लागत नाही, कधी कधी तो अंगापेक्षा लहान असूनही नीट बसतो.

लेबलवरच्या आकड्याला फार किंमत देऊ नये. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली गेली, त्यांच्या आधाराने १९५८ मध्ये मापांचं एक व्यापारी मानक निघालं, आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक ब्रँड आपापला आकडा लावायला मोकळा झाला आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तोच घेर लहान आकड्याखाली विकला जाऊ लागला. देशांचे आकडेही वेगळे. इटलीचा ४२ म्हणजे फ्रान्सचा ३८, जर्मनीचा ३६, ब्रिटनचा १० आणि अमेरिकेचा ६, तोही ढोबळमानाने. एकाच रॅकवर चार देशांचे कपडे टांगलेले असतात, म्हणून लेबल वाचत बसण्यापेक्षा टेप लावणं लवकर होतं. कुणीही हरकत घेत नाही; टेप काढली की उलट दुकानातली माणसं जास्त नेमकं बोलायला लागतात.

जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत. गर्दी नसते, मालकीण स्वतः भेटते, आणि दाराशी दिवसाचा उजेड असतो. जी अंतर्वस्त्रं त्या कपड्याखाली घालणार तीच घालून जायचं, आणि पँट किंवा लांब ड्रेस घ्यायचा असेल तर ज्या उंचीच्या टाचेवर तो वापरणार ते बूट बरोबर न्यायचे. टाच २ सेंमीने बदलली तरी पँटची लांबी चुकते. त्या भागातली सगळी दुकानं आधी एकदा फिरून घ्यायची आणि पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, हेही पाळते. शेजारशेजारच्या बुटीकमध्ये एकाच ब्रँडचा माल सापडतो आणि एका दुकानात संपलेलं माप दुसऱ्यात मिळून जातं.

आता प्रत्यक्ष कपडा. हँगरवरून काढला की मी पहिल्यांदा तो उलटा करते. बाहेरची बाजू दाखवण्यासाठी असते. कारागिरी किती मनापासून केली आहे ते आत दिसतं. आधी शिवणीतला दाब, म्हणजे टिपेच्या पलीकडे उरलेलं कापड. स्वस्तात बनवलेल्या कपड्यात तो ६ ते १० मिमी असतो आणि त्यावर ओव्हरलॉक, म्हणजे कड उसवू नये म्हणून मशीनने घातलेली गुंफण, मारलेला असतो. तिथे सोडायला काहीच नाही. नीट शिवलेल्या पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत कमरेपाशी २.५ ते ४ सेंमी दाब ठेवलेला असतो, आणि तेवढ्यावर पुढची पाच-दहा वर्षं काढता येतात. किंमत मोठी आणि आतला दाब ओव्हरलॉकइतकाच, असं दिसलं की मला त्या कपड्याबद्दल शंका येते.

मग टाके. नखाने एक इंच धरायचा आणि मोजायचे. शर्टाला इंचाला ११-१२ टाके म्हणजे चांगलं काम, १८ च्या पुढे म्हणजे फार बारीक काम. ७-८ असतील तर वेळ वाचवला आहे; अशी शिवण ताणली की फटी पडतात. दोन्ही बाजूंनी शिवण हलकेच ओढून बघायची. टिपेत कापडाचे धागे सरकून जाळी दिसायला लागली, तर तो कपडा ताणला जातो त्या जागी, नितंबांवर आणि पाठीवर, महिन्या-दोन महिन्यांत उसवणार. रेशमी आणि गुळगुळीत अस्तरांत हे फार होतं आणि यावर इलाज नाही, कारण टीप शाबूत राहते आणि कापडच सुटतं. पारदर्शक कापडाला आतून फ्रेंच शिवण हवी, म्हणजे कापलेली कड शिवणीतच बंद झालेली. तिथे ओव्हरलॉकचा दोरा बाहेरून दिसला तर खटकतो.

चौकटी किंवा पट्टे असतील तर ते बाजूच्या शिवणीवर, खिशावर आणि पुढच्या मधल्या बटणपट्टीवर जुळतात का ते बघायचं. जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून काटकसर पहिल्यांदा तिथेच होते. आणि न जुळलेले पट्टे नंतर जुळवता येत नाहीत.

उभा धागा सरळ आहे का हे बघायला कपडा खांद्यांना धरून सोडायचा. पँटचा पाय किंवा ड्रेसची बाजूची शिवण पुढे वळून येत असेल, तर कापड वाकडं कापलं गेलं आहे. धुतल्यावर ते आणखी वळतं. उरेब कापलेल्या, म्हणजे तिरक्या धाग्यावर बेतलेल्या ड्रेसचं गणित वेगळं आहे. मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये हा कट नावारूपाला आणला, आणि कापड अंगावरून पाण्यासारखं उतरतं ते त्यामुळेच. पण तिरका धागा स्वतःच्या वजनाने लांबत राहतो. म्हणून असा ड्रेस काही काळ टांगून, मग खालचा घेर सारखा करून दुमडतात. दुकानात महिनोन् महिने हँगरवर लटकलेला उरेब ड्रेस जमिनीपासून सगळीकडून मोजा. घेर वर-खाली असेल तर तो सारखा करून मिळेल का ते विचारा. हे काम होतं. मात्र छातीवर आणि कमरेवर तो लांबून अरुंद झाला असेल तर तो सोडून द्यावा.

कोट आणि ब्लेझरसाठी एक चाचणी कायम करते. सगळ्यात खालच्या काजाच्या खाली बाहेरचं कापड एका हाताच्या चिमटीत, आतलं दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि दोन्ही हलकेच विलग करायचे. मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना लागला, तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं कडक कापड, शिवून घातलेलं आहे. थर वेगळा लागत नसेल आणि बाहेरचं कापड जाड, कडक वाटत असेल, तर आतला थर गोंदाने चिकटवलेला, म्हणजे फ्यूजिंग केलेला आहे. फ्यूजिंग वाईटच असं नाही, हल्ली चांगल्या दर्जाचं मिळतं. पण गोंद सुटला की ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर बारीक फुगे येतात आणि ते कुठलीही इस्त्री बसवू शकत नाही. कॅनव्हासच्या किमतीला फ्यूजिंगचा कोट घेऊ नये, इतकंच माझं म्हणणं.

बाहीच्या टोकाची बटणं खरोखर उघडतात का तेही बघायचं. खरी काजं केलेली बाही दिसायला सुंदर, पण ती खालून आखूड करता येत नाही. काजं घडीत जातात किंवा टोकाच्या फार जवळ येतात. मग खांद्यातून बाही उचलावी लागते, आणि ते महाग काम आहे. बाही लांब असेल आणि काजं खरी असतील, तर किंमत ठरवताना हा खर्च धरून चालायचं.

चेन पाच-सहा वेळा उघडबंद करायची, विशेषतः कमरेच्या शिवणीवरून जाताना. अदृश्य चेन तिथेच अडकते आणि तिथेच फाटते. नायलॉनच्या चेनचे दात विस्कटले तर रनर परत फिरवून बहुधा बसतात. धातूच्या चेनचा एक दात निखळला की सगळी चेन बदलावी लागते. चेन बदलता येते, त्यामुळे एवढ्यावरून कपडा नाकारत नाही. बटणांचंही तसंच, फक्त जादा बटण आत शिवलेलं आहे ना हे बघून घ्यावं.

स्वेटर आणि निटिंगच्या कपड्यांत मुंढ्याच्या शिवणीला लागून बघायचं. तिथे तिरक्या रांगेत बारीक दुहेरी टाक्यांच्या खुणा दिसल्या, तर प्रत्येक भाग आकारात विणून मग जोडला आहे. त्या नसतील आणि आत ओव्हरलॉक असेल, तर विणलेल्या थानातून कापून शिवला आहे. पहिला प्रकार जास्त टिकतो आणि आकार धरतो. मग तळहाताने दहा-बारा वेळा एकाच जागी घासायचं: लगेच तंतू वर आले, तर गोळे लवकर येणार. अतिशय मऊ, लुसलुशीत काश्मिरी पुष्कळदा आखूड तंतूचं असतं, आणि गोळे त्यालाच जास्त येतात. थोडंसं कोरडं वाटणारं, घट्ट विणलेलं, दुहेरी धाग्याचं घ्यावं; वापरात ते मऊ होत जातं.

कापडाबद्दल थोडक्यात. एक कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडायचा. लिननवर घड्या राहणारच, तो त्याचा स्वभाव. लोकरीवर राहिल्या तर मिश्रण तपासा. लोकरीच्या सुटावर 'सुपर १००' किंवा 'सुपर १२०' लिहिलेलं असतं, तो तंतूचा बारीकपणा: पहिल्यात सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, दुसऱ्यात १७.७५ पर्यंत. आकडा वाढतो तशी किंमत वाढते आणि टिकाऊपणा कमी होतो. रोजच्या वापराला १०० ते १२० पुरे. रेशमाचं वजन मॉमेत सांगतात, १ मॉमे म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. १२ च्या खालचं रेशीम ब्लाउजला फार पातळ पडतं. १६ ते १९ असेल तर अस्तराशिवाय चालतं. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं आणि आकसतं, म्हणून घट्ट बसणारा व्हिस्कोसचा कपडा पहिल्याच धुण्यात हातचा जाऊ शकतो. धुण्याच्या खुणा वाचून ठेवा: टब म्हणजे धुणं, त्रिकोण ब्लीच, चौकोन वाळवणं, इस्त्री, आणि वर्तुळ म्हणजे व्यावसायिक ड्रायक्लीनिंग. टब आणि वर्तुळ दोन्हींवर फुली असेल, तर तो कपडा धुताही येत नाही आणि ड्रायक्लीनही करता येत नाही. असा कपडा विकला जातो हे मला अजूनही पटत नाही.

खिडकीत लावलेला पीस देत असतील तर तो पडताळल्याशिवाय घेऊ नका. उन्हाने खांद्यावर आणि घडीच्या कडेवर रंग उतरतो, आणि ते कॉलर उलटून आतल्या रंगाशी ताडल्याशिवाय कळत नाही. पुतळ्यावर नीट बसावा म्हणून मागून टाचण्या लावलेल्या असतात. रेशीम, मखमल आणि चामड्यावर त्यांची भोकं कायम राहतात. याच कारणाने या तीन कापडांत शिवण सोडवून कपडा मोठा करता येत नाही, जुन्या टिपेची रांग बाहेर दिसते.

ट्रायल रूममध्ये समोर बघत उभं राहण्यात अर्थ नाही. बसा, वाका, दोन्ही हात पुढे करा, एक हात वर करा. हात वर केल्यावर सगळा कोट वर उचलला गेला, तर मुंढा खाली कापलेला आहे. वर चढवायला कापड नाही, त्यामुळे हा दोष निघत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या टोकापलीकडे गेली आणि खाली बाहीत खळगा पडला, तर तोही निघत नाही. बटणाभोवती फुलीच्या आकारात सुरकुत्या म्हणजे कपडा तंग; आत दाब असेल तर थोडं सुटतं. मानेखाली पाठीवर आडवी वळी पडली, तर कॉलर उतरवून बसवता येते, हे चांगल्या शिंप्याचं काम आहे. पाठीवर बाहीजवळ उभ्या सैल घड्या असतील, तर बाजूने आत घेता येतं. पँटच्या जांघेतून सुरकुत्या पसरत असतील तर मागच्या शिवणीतला दाब आठवा. अशा वेळी "वापरून सैल होईल" असं सांगतात. चामडं आणि डेनिम यांच्या बाबतीत ते खरं आहे. न ताणणाऱ्या रेशमी किंवा लोकरीच्या कापडाच्या बाबतीत ते खरं नाही, तिथे सैल होतात त्या शिवणी.

रंगासाठी कपडा घेऊन दाराशी जावं. ट्रायल रूममधल्या पिवळसर दिव्यात नेव्ही आणि काळा सारखेच दिसतात, आणि घरच्या पँटशी जुळवायला आणलेलं जॅकेट उजेडात वेगळंच निघतं. जुळवायचं असेल तर ती पँटच बरोबर न्या.

आवडला, बसला, तरी बिल करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारते, आणि उत्तर बिलावर लिहून मागते. "परत घेता का, की बदलूनच देता? क्रेडिट नोट किती दिवस चालते? आल्टरेशन केल्यावर बदलून मिळतं का?" तिसऱ्याचं उत्तर सगळीकडे "नाही" असंच असतं, म्हणून आल्टरेशनला कपडा तिथेच सोडण्याआधी एक रात्र घरी नेऊन बघणं बरं. सेलमधला माल बहुधा परत होत नाही. युरोपीय संघात १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे, पण तो ऑनलाइन किंवा दुकानाबाहेर झालेल्या खरेदीला. दुकानात बघून घेतलेल्या कपड्याला मालकाची अटच लागू.

दुकानातल्या शिंप्याकडून टाचण्या लावून घेताना सरळ उभं राहा, खाली बघू नका. मान वाकली की मागची लांबी बदलते. दोन्ही पायांना वेगवेगळ्या टाचण्या लावून घ्या, कारण दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. कापड धुतल्यावर आकसणारं असेल तर आधी धुऊन मग लांबी कमी करायची. आधीच आकसवून घेतलेलं नसेल तर सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के जातं. ८० सेंमीच्या पायात ते ४ सेंमीपर्यंत भरतं. कापलेला तुकडा मागून घ्या. पुढे कुठे जळलं किंवा फाटलं, तर रफूला त्याच कापडाचे धागे लागतात, आणि ते दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.

घरी आल्यावर लेबल काढायची घाई करू नका. पांढरा सुती रुमाल ओला करून आतल्या दाबावर घासा. गडद निळा, काळा, लाल रंग उतरतो का ते तिथेच कळेल. घरातल्या ज्या कपड्यांबरोबर तो घालणार ते सगळे काढून एकेकाबरोबर घालून बघा, त्यात तासभर बसा, जिना चढा-उतरा. बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत हे झालं पाहिजे. स्वेटर आणि उरेब ड्रेस मात्र पहिल्या दिवसापासून घडी घालूनच ठेवा, दुकानाने दिलेलं हँगर कितीही सुंदर असलं तरी.